मान नसलेला माणूस

६ जानेवारी

ती. मामांना नमस्कार.

माझं पत्र बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. फोनच करणार होते, पण सासूबाई म्हणाल्या, "माझ्या बहिऱ्या भावाला लिहूनच कळव. फोनवर तो सगळ्याला 'बरं बरं' म्हणतो आणि मग स्वतःला हवं तेच करतो."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन ठीक झालं. थेंब दिवसातून बऱ्याच वेळा घालायचे असतात. मी लॅबमध्ये असते तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई घालतात, आणि आठवड्यातून दोनदा ते सज्जन येतात तेव्हा ते घालतात. ज्या गाडीने ह्यांना उडवलं ती निघून गेल्यावर कोपऱ्यावरून एकटे धावत आलेले, टॅक्सी थांबवून ह्यांना उचलून नेणारे, ते. आमची आधीची काही ओळख नव्हती. हे जाईपर्यंत हॉस्पिटलात बसून राहिले. आता औषधं आणून देतात. सासूबाई तर दारावर टकटक झाली की विचारतात, "आमचे सज्जन आले का?"

गाडी अजून सापडलेली नाही.

पत्राचं कारण वेगळंच आहे. मला माणसाचं डोकं काढायला शिकायचं आहे. शाळेत माझी चित्रकला इतकी वाईट होती की बाईंनी मला फळ्यावर तारीख लिहायचं काम दिलं होतं. पण लॅबमध्ये मी दिवसभर काचपट्टीवरचे आकार बघते, तेव्हा नजर वाईट नसावी. हात शिकवावा लागेल. तुम्ही मुलांना गोळे आणि ठोकळे मांडून शिकवायचात, असं हे सांगायचे. तसं मला पत्रातून शिकवता येईल का?

कशासाठी ते आत्ता विचारू नका.

तुमची सूनबाई


१२ जानेवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

कशासाठी ते विचारत नाही, मला कळलं. तुझ्या मामीला जाऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा एका सकाळी दाढी करताना तिचा चेहरा मला आठवेना. नाक आठवे, कुंकू आठवे, रागावलेली आठवे, पण सगळं मिळून चेहरा होईना. वस्तरा हातात धरून मी लहान पोरासारखा घाबरलो होतो. तेव्हा घाई कर. आपण त्याला कागदावर धरून ठेवू.

पहिला नियम. अंडं काढू नकोस. सगळे अंडं काढतात आणि त्यावर डोळे, नाक, तोंड असं बटणांसारखं शिवतात. डोकं म्हणजे आधी एक गोळा. ताईच्या लोकरीचा गुंडा घे. त्याच्या दोन्ही बाजू सुरीने कापल्यासारख्या चपट्या कर, कारण कानाजवळ डोकं चपटं असतं. गोळ्याच्या मधोमध आडवी रेघ मार, ती भुवयांची. आता समोरून खाली एक निमुळता ठोकळा टांग, तो जबडा. केसांपासून भुवई, भुवईपासून नाकाचं टोक, तिथून हनुवटी, ही तीन अंतरं साधारण सारखी. डोळे पूर्ण डोक्याच्या बरोबर मध्यावर. नवशिके ते नेहमी वर चढवतात, कारण कपाळात बघण्यासारखं काही नसतं, म्हणून ते कापून टाकतात. कान भुवई आणि नाक यांच्या मध्ये, चपट्या बाजूच्या मागच्या अर्ध्यात. मान म्हणजे नळकांडं, पण खांबासारखं सरळ नाही. पाठीकडून पुढे झुकलेलं.

डोळे-बिळे सगळ्यात शेवटी. आधी गोळा आणि ठोकळा कुठल्या बाजूला वळलाय ते बघ. शाळेत पोरं मला 'गोळेसर' म्हणायची, ती उगाच नाही.

आपल्या त्याचं डोकं मी तो पाळण्यात असल्यापासून ओळखतो. मागून जरा चपटं. ते लक्षात ठेव.

मामा


२५ जानेवारी

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं, फक्त मामींचा भाग सोडून. त्या रडतील म्हणून नाही, मी रडेन म्हणून. लोकरीच्या गुंड्याचं ऐकून त्या म्हणाल्या, "कर बाई चपटा. नाहीतरी मला आता टाके दिसत नाहीत."

रोज लॅबमधून आल्यावर काढते. पहिले वीसेक गोळे बटाट्यासारखे झाले. आता बऱ्यापैकी गोळे होतात.

पण मामा, तुमचा एक गैरसमज दूर करायला हवा. मला ह्यांचा चेहरा काढायचा नाही. तो मला डोळे मिटले की दिसतो, उघडले तरी दिसतो. मला त्या माणसाचं डोकं काढायचं आहे.

मी त्याला पाहिलं, हे तुम्हाला माहीत नाही. फार कोणाला माहीत नाही. दिवे नुकतेच लागले होते. गाडी पांढरी होती, नंबर दिसला नाही. ती थांबली, तो उतरला, ह्यांच्यावर वाकला. मग परत गाडीत बसला आणि गेला. पोलिसांनी विचारलं, चेहरा गोल की लांबट? नाक कसं? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. त्यांचा चित्र काढणारा माणूस कंटाळून म्हणाला, "बाई, तुम्ही काहीच पाहिलेलं नाही." मी पाहिलंय. ते आकारासारखं आठवतं, शब्दांसारखं नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं.

मला भीती वाटते ती अशी. त्याने मला पाहिलं की नाही ते मला माहीत नाही. लॅबमध्ये रक्त द्यायला कोणी पुरुष आला, बाही वर करून समोर बसला, की मला वाटतं, हाच असेल. सुई धरताना हात थांबतो. परवा एकाने विचारलं, "नवीन आहात का?" मी तिथे सोळा वर्षं आहे.

सोबत चित्र पाठवते आहे. तुमच्या नियमाप्रमाणे डोळे मध्यावर येत नाहीत, खाली येतात. मला तसेच आठवतात. चूक असेल तिथे दुरुस्त करा.

तुमची सूनबाई


३१ जानेवारी

चि. सूनबाईस,

तुझं पत्र वाचून मी खिडकी लावून घेतली. इथे कोणाला काय कळणार, पण लावली.

माझं ऐकशील तर हे सोड. तू घरात एकटी, ताईला धड दिसत नाही, आणि तो माणूस मोकळा फिरतोय. चित्र काढणारी बाई कोण ते त्याला कळलं तर? गेलेला परत येणार नाही. मी म्हातारा आहे, भित्रा आहे, दोन्ही कबूल.

आता दुसरं. सोड म्हटलं तर तू सोडणार नाहीस. तू बोलत नाहीस आणि ठरवलेलं करतेस, हे माझ्या भाच्याने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मला सांगितलं होतं. तेव्हा चित्र मी नीट पाहिलं.

आकार चांगला पकडलास. एका गोष्टीने तर मी थक्क झालो. नवशिके डोळे वर चढवतात, तू खाली काढलेस. म्हणजे हे सवयीने आलेलं नाही, पाहून आलेलं आहे. या माणसाचं कपाळ खरोखरच मोठं असणार, हनुवटी आखूड, आणि मान जवळजवळ नाहीच, डोकं थेट खांद्यात बसवल्यासारखं. असे लोक असतात. आमच्या शाळेचा शिपाई तसा होता.

चुका दोन. भुवईची रेघ तू झोळीसारखी मध्ये लोंबवली आहेस, आणि कान फार वर चढवलेस. गोळा समोर ठेवला की रेघ सरळ दिसते, हे सगळ्यांचं सुरुवातीला चुकतं. रेघ मी सरळ केली, कान खाली आणले, आणि बाहेरच्या रेषा शाईने पक्क्या केल्या. आता कोणालाही ओळखता येईल असं डोकं झालं आहे.

पोलिसांना देणार असलीस तर हातोहात दे, टपालाने नको. आणि दाराला आतून साखळी लावून घे.

मामा


१८ फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. मधल्या दिवसांत काय काय झालं ते कसं सांगावं कळत नव्हतं.

चित्र पोलीस चौकीत नेऊन दिलं. तिथल्या साहेबांनी ते हातात घेतलं आणि लगेच हवालदाराला म्हणाले, "हा तर आपला गॅरेजवाला." आमच्या रस्त्याच्या टोकाला गॅरेज आहे. त्याला खरंच मान नाही. मुलं त्याला त्यावरून चिडवतात, तोही हसतो. ह्यांची स्कूटर तोच बघायचा. त्याच्याकडे रोज कोणाची ना कोणाची पांढरी गाडी असतेच. त्या संध्याकाळी तो कुठे होता, तर म्हणे गिऱ्हाइकाची गाडी चालवून बघत होता, एकटाच. त्याला घेऊन गेले.

मला बोलावलं. तो बाकावर बसला होता, मी उभी होते. साहेब म्हणाले, "नीट बघा. हाच?" मी म्हटलं, "असाच होता." त्याने मान वर केली, म्हणजे जेवढी आहे तेवढी, आणि म्हणाला, "वहिनी, मी?" एवढंच.

मामा, मला वाटलं होतं माणूस सापडला की भीती जाईल. ती वाढली आहे. त्याची बायको रोज संध्याकाळी आमच्या जिन्यात येऊन बसते. भांडत नाही, शिव्या देत नाही. मी आले की पाय आखडून मला वाट देते. काल मी विचारलं, "पाणी देऊ का?" ती म्हणाली, "तुमच्या घरचं नको." सासूबाईंनी आतून ऐकलं. त्या म्हणाल्या, "खरंच तो असेल तर तिला हाकलून दे. आणि नसेल तर माझ्यासमोर येऊ नकोस." मग लगेच, "मला तसं म्हणायचं नव्हतं गं."

सज्जन येतात, पण त्यांचंही काही बिनसलंय. पूर्वी प्रत्येक वेळी विचारायचे, "पोलीस काय म्हणतात?" आता विचारत नाहीत. परवा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "तुम्हाला फार त्रास होतोय." मला रडू आलं, मी आत गेले.

तुम्हीच सांगा, चित्र बरोबर होतं ना? मी गॅलरीतून पाहिलं तेव्हा तो इतका वेळ वाकलेला होता की आकार चुकणं शक्य नाही.

तुमची सूनबाई


२२ फेब्रुवारी

सूनबाई,

गॅलरीतून? कुठल्या गॅलरीतून? तुमच्या घराच्या? दुसऱ्या मजल्यावरून, खाली?

तू हे आधी लिहिलं नाहीस आणि मी विचारलं नाही. मी समजत होतो तू रस्त्यात होतीस, दारात होतीस. जन्मभर पोरांना सांगत आलो, आधी विचारा बघणारा कुठे उभा आहे, आणि माझ्याच घरच्या चित्राला तो प्रश्न विचारला नाही.

लोकरीचा गुंडा घे. मी सांगितल्याप्रमाणे त्यावर भुवईची रेघ बांध, खाली जबड्याच्या जागी काड्यापेटी लाव, कानाच्या जागी दोन टाचण्या. जमिनीवर ठेव आणि उभी राहून बघ. टाळूचा भाग मोठा दिसेल. रेघ झोळीसारखी लोंबेल. टाचण्या रेघेच्या वर चढतील. काड्यापेटी आखडेल. आणि तिच्याखाली काही ठेवलंस तरी ते दिसणारच नाही. वरून पाहिलं की कपाळ प्रत्येकाचंच मोठं, हनुवटी प्रत्येकाचीच आखूड, मान कोणालाच नाही.

तुझ्या दोन्ही 'चुका' बरोबर होत्या. तू जसं दिसलं तसं काढलं होतंस. ती रेघ ओरडून सांगत होती की हे वरून बघितलेलं डोकं आहे, आणि मी ती सरळ केली. मी शाईने तुझ्या चित्रातून एक गॅरेजवाला तयार केला.

आणि तू त्याला ओळखलंस तेव्हा तो बसलेला आणि तू उभी. पुन्हा वरूनच.

घाबरून जाऊ नकोस असं लिहिणार होतो, पण मला स्वतःला आज जेवण गेलं नाही. माझं नुसतं ऐकू नको, स्वतः बघ. जाईल तिथे माणसांची डोकी वरून बघ. खात्री झाली की मग काय करायचं ते ठरवू.

मामा


२ मार्च

ती. मामांना नमस्कार.

हे पत्र मी लॅबमध्ये बसून लिहिते आहे, दार लावून. घरी लिहिता येत नाही.

तुम्ही सांगितलं तसं केलं. गुंडा, काड्यापेटी, टाचण्या. खरं निघालं. मग लॅबच्या जिन्यावर उभी राहून खालून जाणाऱ्यांकडे बघत राहिले. आमचे डॉक्टर चांगले उंच, मान लांब. वरून बघितले तर त्यांनाही मान नाही. गॅरेजवाला आत आहे तो माझ्यामुळे.

तिथवर भीती मला पेलत होती. पुढचं ऐका.

काल सज्जन आले होते. मी स्वयंपाकघरात स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढत होते. स्टूल जरा डुगडुगतं. ते दारातून म्हणाले, "अहो, पडाल," आणि आत येऊन खाली वाकून त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. मी खाली पाहिलं.

मामा, तोच. टाळू, खाली गेलेली भुवयांची रेघ, वर चढलेले कान, आणि खांदे तसेच पुढे आलेले. आणि डोक्यावर दोन भोवरे, शेजारी शेजारी, त्यांच्या मधले केस ताठ उभे. ते भोवरे मी त्या संध्याकाळी दिव्याखाली पाहिले होते. कोणाला सांगितले नव्हते. पोलीस चेहरा विचारत होते आणि भोवरा काही चेहऱ्यात येत नाही, म्हणून मला तो सांगण्यासारखा वाटलाच नाही. त्या संध्याकाळी मी जिना उतरून पोहोचले तेव्हा सज्जन समोर उभे होते, त्यानंतर त्यांना वरून कधी पाहिलंच नव्हतं.

मी डबा धरून तशीच उभी राहिले. ते म्हणाले, "उतरा, मी धरलंय." मी म्हटलं, "तुम्ही सोडा, मग उतरते." त्यांनी स्टूल सोडलं, वर बघितलं, आणि मी बघत होते हे त्यांना दिसलं. त्यांनी बाहेर जाऊन सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घातले, नेहमीसारखे, एक हात त्यांच्या कपाळावर ठेवून. सासूबाई म्हणाल्या, "तुमचा हात किती हलका आहे हो. हिचा हात म्हणजे पोस्टाचा शिक्का."

मी आतून ऐकत होते.

ते परत गुरुवारी येतील. मी काय करू?

तुमची सूनबाई


५ मार्च

सूनबाई,

हे पत्र एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतो आहे, तो तुमच्याच बाजूला निघालाय. टपालाची वाट बघवत नाही.

'हाच तो' असं म्हणू नकोस. एकदा म्हणून झालंय. दोन भोवरे माझ्या वर्गात दर वर्षी एखाद्याला असायचेच. गोळा आणि ठोकळा यांवरून कोण नाही ते सांगता येतं, कोण आहे ते नाही. गॅरेजवाल्याला ओळखणं चुकलं, एवढं तुला पक्कं माहीत आहे. तेवढंच सांग, आणि आजच सांग. बाकी शोधणं पोलिसांचं काम. तुझं पहिलं चित्र मी खराब केलं हेही सांग. माझं नाव, पत्ता दे, मला लाज वाटणार नाही. वाटली तरी चालेल.

गुरुवारी घरात एकटी थांबू नकोस. खालच्या बाईंना वर बोलाव. ताईला अजून काही बोलू नकोस.

मामा


१४ मार्च

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी गेले. साहेब चिडले. "बाई, तुम्हीच चित्र दिलंत, तुम्हीच ओळखलंत. आता त्याच्या बायकोने जिन्यात बसून त्रास दिला म्हणून फिरताय?" मला भराभर बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "मला एक कागद द्या. आणि तुम्ही बसूनच राहा."

मी टेबलाजवळ उभी राहिले आणि ते खाली फायलीत बघत होते तसं त्यांचं डोकं काढलं. गोळा, बाजू, ठोकळा, रेघ. मग तुम्ही केलं होतं तसं मुद्दाम रेघ सरळ केली, कान खाली आणले, पेनाने पक्कं केलं. कागद त्यांच्यापुढे ठेवला. हवालदार वाकून बघायला आला आणि म्हणाला, "हा तर गॅरेजवालाच."

"नाही," मी म्हटलं. "हे साहेब आहेत."

साहेब चांगले लांब मानेचे आहेत. त्यांनी कागद उचलून जवळ घेतला. मग त्यांनी कॉलरमध्ये बोट घालून मान चाचपली. हवालदाराला हसू आवरेना, तो बाहेर गेला. गॅरेजवाला संध्याकाळी घरी आला. आता जिना मोकळा आहे. मी त्यांच्या घरी जाऊन आले. दार त्याच्या बायकोने उघडलं नाही, आतून म्हणाली, "कळलं. जा."

साहेबांनी विचारलं, "मग कोण?" मी तुमचं वाक्य पाठ केलं होतं, कोण आहे ते मला सांगता येणार नाही. पण मग भोवऱ्यांचं सांगितलं, आणि तसे भोवरे मी स्टुलावरून कोणाच्या डोक्यावर पाहिले तेही सांगितलं. ते म्हणाले, "गुरुवारी येतो."

गुरुवारी खालच्या बाई वर होत्या. तो सज्जन वेळेवर आला. सासूबाईंना खुर्चीत मागे टेकवून त्यांच्या एका डोळ्यात थेंब घातला होता तेवढ्यात साहेब आणि हवालदार दारात आले. साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, "त्या संध्याकाळी तुम्ही कोपऱ्यावर कसे होतात?" त्याने त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "सांगितलंत शेवटी?" मग दुसऱ्या डोळ्यात थेंब घातला, बाटलीचं झाकण लावलं, आणि उठला.

मला वाटत होतं तो आता माझ्या अंगावर येईल. मी खालच्या बाईंचा हात इतका दाबला की त्यांना नंतर बांगडीचा वळ उठला होता. पण तो दबक्या आवाजात बोलत राहिला. गाडी त्याने पुढच्या गल्लीत लावली आणि तो पळत परत आला. आल्यावर सगळ्यांना वाटलं हा मदतीला आला, आणि त्याने तसंच वाटू दिलं. मग मला म्हणाला, "तुम्ही वरून माझ्याकडेच बघत होतात. मी पाहिलं होतं तुम्हाला. तरी पहिल्यांदा घरी आलो तेव्हा तुम्ही चहा दिलात, काही बोलला नाहीत. मला वाटलं, ओळखूनच दिलात. प्रत्येक वेळी वाटायचं, आज बोलतील. 'पोलीस काय म्हणतात' हे मी तेवढ्यासाठीच विचारायचो."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

"मग गॅरेजवाल्याला धरलं," तो म्हणाला, "तेव्हा मला कळेना. वाटलं, आजींना आधार राहावा म्हणून तुम्ही मला वाचवताय. तुम्ही एवढं केलंत तर मी कोणत्या तोंडाने बोलू?"

साहेब माझ्याकडे बघत होते. खालच्या बाईही बघत होत्या. मी परत म्हटलं, "मला माहीत नव्हतं." त्याला घेऊन गेले.

मामा, मी इतके दिवस कोणीतरी मला ओळखेल म्हणून घाबरत होते. आता घाबरते ते वेगळ्यासाठी. मी कमी बोलते, त्याचा एका माणसाने असा अर्थ लावला आणि त्यात दुसरा आत राहिला. गॅरेजवाल्याच्या बायकोला हे एव्हाना कळलं असेल, आणि मी ओळखून गप्प बसले असंच तिला वाटत असेल. खालच्या बाईंनी सांगितलं असेलच. रस्त्यातून जाताना कोणी थांबून विचारलं तर सांगता तरी येईल, पण कोणी विचारत नाही.

सासूबाई त्या दिवशी खुर्चीत तशाच पडून होत्या. थेंब घातल्यावर थोडा वेळ डोळे मिटून ठेवायचे असतात, त्या कितीतरी वेळ मिटून होत्या. जेवल्या नाहीत. आज सकाळी मी थेंब घालायला वाकले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू ओळखलं होतंस का गं त्याला?"

"नाही," मी म्हटलं.

"मी रागावणार नाही."

"नाही ओळखलं, आई."

त्या 'बरं' म्हणाल्या. तुम्ही फोनवर म्हणता तसं. मग म्हणाल्या, "आता घाल थेंब. हळू घाल."

तुम्ही या. मला जमेल तेवढं मी सांगितलं आहे, पुढचं मला बोलता येत नाही. तुम्हाला ऐकू येत नाही, पण बोलता येतं. त्यांना एकदा समजावून सांगा की वरून माणूस कसा दिसतो.

तुमची सूनबाई